महिनेवाले आणि गठ्ठेवाले

नोकरीत असताना किस्से सांगायला सवड नसते. रिटायर झालं की एकेक बाहेर निघतो आणि साठत जातो. त्यातून चार रिटायर माणसं रोज संध्याकाळी एकाच पुलावर बसू लागली, तर मग मोजदादच नको. माझी बायको म्हणायची, "पुलाखालून पाणी कमी, वरून गोष्टी जास्त वाहून राहिल्या."

आमचा अड्डा ओमती नाल्याच्या पुलावर. राज्य अजून इंग्रजांचं, जबलपूर सी.पी.तलं म्हणजे मध्यप्रांतातलं, आणि आम्ही चौघे मराठी. पंत म्हणजे दामोदरपंत, सरकारी खजिन्यातले हेडक्लार्क. सुभेदार पलटणीतले. मिस्त्री कारखान्यातले फिटर. आणि मी रेल्वेच्या पार्सल ऑफिसात जन्म काढलेला, म्हणून मला सगळे पार्सलबाबू म्हणत. माझं खरं नाव तिघांपैकी एकाला तरी माहीत होतं की नाही, शंकाच आहे.

आमच्यात दोन पक्ष होते. पंत आणि सुभेदार हे महिनेवाले. सरकार त्यांना दर महिन्याला पेन्शन देई, मरेपर्यंत. मिस्त्री आणि मी गठ्ठेवाले. आमचा प्रॉव्हिडंट फंड. शेवटच्या दिवशी एकदम हातात गठ्ठा ठेवायचा आणि रामराम. महिनेवाले म्हणत, "तुमचा गठ्ठा संपला की काय खाल?" आम्ही म्हणायचो, "तुम्ही संपलात की तुमच्या बायका काय खातील?" कारण त्या काळी पेन्शन माणसाबरोबर जळायची. आज नवरा गेला, तर उद्यापासून बायकोला सरकारकडून काहीही नाही.

पुलावर आलं की पंत हजेरी घेत. खिडकीवर पेन्शनवाल्याचं तोंड पाहून कारकून 'हयात' असा शेरा मारतो, तोच शब्द पंतांनी पुलावर आणला होता.

"सुभेदार?"

"हयात."

"मिस्त्री?"

"हयात."

"पार्सलबाबू?"

"हयात."

मग स्वतःचं नाव स्वतःच घेऊन, घसा साफ करून, "हयात" म्हणत. गंमत होती. एक दिवस कोणी उत्तर देणार नाही हे चौघांनाही ठाऊक होतं, म्हणूनच गंमत होती.

* * *

पंत नोकरीत असताना पेन्शनच्या खिडकीवर त्यांचा मोठा दरारा. पेन्शनच्या कागदावर पहिल्या दिवशी केलेली सही आणि आज पावतीवर केलेली सही ते शेजारी शेजारी ठेवत, चष्मा वर करत आणि म्हणत, "सही जुळत नाही." झालं. माणूस परत.

त्यांच्या हाताखाली दुबे नावाचा कारकून शिकून तयार झाला. दुबे अस्सल हिंदी माणूस, मराठीचा गंध नाही. पण पंतांच्या शेजारी आठ वर्षं बसून एक मराठी वाक्य त्याला पाठ झालं होतं. पेन्शनवाला मराठी असो, मुसलमान असो, गोरा साहेब असो, दुबे मान वर करून सांगायचा, "सही जुळत नाही."

एकदा जमीन-महसूल खात्यातले एक म्हातारे कानूनगो आले. त्यांचा हात लटलट कापायचा. पंतांनी तीनदा सही करून घेतली, तिन्ही वेळा परत केली. म्हातारा चिडला नाही. टाक खाली ठेवून म्हणाला, "नहीं मिलेगी बाबूजी. तब हाथ अपना था."

हा किस्सा पंत पूर्वी हसून सांगत. पुलावर आम्ही तो दहा वेळा ऐकला असेल. पुढे सांगेनासे झाले.

* * *

सुभेदारांच्या कागदावर ओळखीची खूण लिहिलेली होती: 'वरचा पुढचा एक दात सोन्याचा'. पलटणीत असताना हौसेनं बसवलेला. दर महिन्याला खिडकीपाशी उभं राहून सुभेदार ओठ वर करत, कारकून दात पाही आणि पैसे देई. आम्ही म्हणायचो, सरकारला हसून दाखवून पेन्शन आणणारा हा एकच माणूस.

त्यांची बायको आजारी पडली. डॉक्टरानं सुया लिहून दिल्या. त्या महाग. महिना सरायला अजून बारा दिवस होते. सुभेदारांनी कोणाला सांगितलं नाही, सराफ्यात गेले आणि दात उपटून विकला.

बाई वाचली नाही. एक तारखेला सुभेदार डोकं भादरलेले, तसेच खिडकीवर गेले. ओठ वर केला. तिथे भोक. कारकून म्हणाला, "पहचान नहीं मिलती. मॅजिस्ट्रेट का सर्टिफिकेट लाइए कि आप ही आप हैं."

ते सर्टिफिकेट मिळेपर्यंत तीन महिने गेले. त्या तीन महिन्यांत सुभेदार जेवायला आळीपाळीनं आमच्याकडे यायचे. ताटावर बसले की म्हणत, "मी तोच आहे बरं का वहिनी." माझी बायको आत जाऊन डोळे पुसायची.

* * *

आता आमच्या गठ्ठ्याची गोष्ट. नाहीतर म्हणाल, हा माणूस पेन्शनलाच नावं ठेवून राहिला.

मिस्त्रींना फंड मिळाला, त्या आठवड्यात वर्ध्याहून, उमरेडहून, कुठून कुठून नातेवाईक आले. ज्यांची नावं मिस्त्रींना माहीत नव्हती, त्यांना मिस्त्रींच्या तब्येतीची काळजी. घरात रोज खव्याची जिलबी. मिस्त्री भोळा माणूस. म्हणे, "लोक येऊन राहिले भाऊ, आपल्यात काही असन तवाच ना."

त्यातल्या एका साडूनं त्यांना पटवलं की पैसा बसवून ठेवायचा नसतो, फिरवायचा असतो. म्हणून गठ्ठ्याची लॉरी घेतली. साडू चालवणार, मिस्त्री मालक. बरगीकडून धान्य, लाकूड आणायचं. चार महिने बरं चाललं. पाचव्या महिन्यात पावसात साडूनं पाणी उथळ आहे, उतारानं पलीकडे जाऊ, असं समजून लॉरी नर्मदेत घातली. साडू पोहत बाहेर आला आणि तसाच वर्ध्याला गेला.

मिस्त्री परत कारखान्यात गेले. आता फाटकावर चौकीदार म्हणून. पस्तीस वर्षं ज्या फाटकातून मान वर करून गेले, तिथेच उभे राहून दुसऱ्यांचे डबे तपासायचे. एका ओळखीच्या साहेबानं विचारलं, "मिस्त्री, फंड का क्या किया?"

मिस्त्री म्हणाले, "है ना साहब. बरगी के पास नर्मदा में है. गर्मी में पानी उतरता है तो छत दिखती है."

* * *

माझंही ऐका. स्वतःचं झाकून दुसऱ्यांचं सांगणं बरं नाही.

एकोणिसाव्या वर्षी रेल्वेत लागलो तेव्हा फंडाचा फॉर्म भरून घेतला. 'मयत झाल्यास रक्कम कोणास द्यावी?' लग्न झालेलं नव्हतं, आईचं नाव लिहिलं. पुढे लग्न झालं, मुलं झाली, आई गेली, तिचं वर्षश्राद्ध झालं, पण तो फॉर्म बदलायचा राहिला. नोकरीभर पेन्शनवाल्यांना मीच छाती काढून सांगायचो, "आमच्यात बायकोला सगळं मिळतं."

रिटायर झालो त्या दिवशी बाबूनं फाइल काढली आणि वाचून दाखवलं. फंड आईच्या नावावर! मला आई गेल्यापासूनची वीस वर्षं एकदम आठवली. दोनदा टायफॉइड होऊन वाचलो होतो. एकदा यार्डात डब्याखाली येता येता राहिलो होतो.

घरी येऊन सांगितलं. बायको पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं नाही. म्हणाली, "वाचलात तेच बरं झालं. नाहीतर पैशासाठी मला सासूबाईंकडे वर अर्ज घेऊन जावं लागलं असतं. त्यांनी मला जिवंतपणी कधी दोन आणे दिले नाहीत."

त्यानंतर ती चार दिवस माझ्याशी बोलली नाही.

* * *

माझा हा किस्सा ऐकून तिघेही हसले. पंत मात्र मध्येच हसायचे थांबले. त्या दिवशी दिवेलागणीची वाट न पाहता उठून घरी गेले.

पंतांना एकच मुलगी. तिचं लग्न करून दिलं, त्यात जवळचं होतं नव्हतं ते गेलं. ती अकोल्याला, आणि तिच्या घरी आधीच खाणारी नऊ तोंडं. मागे पंत आणि त्यांची बायको यमुनाबाई. पंत असेपर्यंत महिना. पंत नसले, तर यमुनाबाईंनी जायचं कुठे? हा प्रश्न आम्ही पुलावर थट्टेत शंभरदा विचारला होता. पंतांनी तो त्या दिवशी पहिल्यांदा घरी नेला.

सरकारात एक सोय होती. पेन्शनचा काही भाग सरकारला विकायचा आणि त्याचे एकदम पैसे घ्यायचे. म्हणजे महिनेवाल्यानं थोडं गठ्ठेवाला व्हायचं. जन्मभर गठ्ठेवाल्यांना हिणवलेले पंत एके दिवशी पुलावर येऊन म्हणाले, "पार्सलबाबू, मी अर्ज केला. तिच्या नावानं पोस्टात ठेवीन."

पण त्यासाठी सरकारी डॉक्टर तपासतो. तुम्ही किती जगणार, त्यावर पैसे किती ते ठरतं. तब्येत चांगली तर जास्त. खराब दिसली, तर डॉक्टर कागदावर तुमचं वय वाढवून लिहितो आणि रक्कम खाली येते. पंतांना दम्याचा त्रास. सुभेदारांनी त्यांना पंधरा दिवस सकाळी पुलावरून घमापूरपर्यंत कवायतीत चालवलं. "छाती पुढे, पंत. श्वास आत. तोंड मिटून." मिस्त्रींनी कुठून तरी काळा कलप आणून मिशांना लावला. आम्हाला वाटत होतं, मॅट्रिकच्या परीक्षेला पोरगं पाठवून राहिलो.

तपासणीच्या दिवशी आम्ही तिघे दवाखान्याबाहेर झाडाखाली उभे होतो. अर्ध्या तासानं पंत आले. घामानं मिशांचा कलप ओघळून हनुवटीवर आला होता.

"काय झालं?"

"अठ्ठावन्नचा आत गेलो," पंत म्हणाले, "अडुसष्टचा बाहेर आलो."

डॉक्टरनं दहा वर्षं वाढवली होती. त्या हिशेबानं जी रक्कम हाती येणार होती, तिच्यात यमुनाबाईंचं वर्षही निघालं नसतं, आणि वर महिना कमी झाला असता तो वेगळाच. पंतांनी अर्ज मागे घेतला. घरी जाऊन बायकोला एवढंच म्हणाले, "सरकार म्हणतं, मी फार दिवस नाही."

मला वाटतं, सांगायला नको होतं. पण नवरा-बायकोत काय बोलावं ते तिसऱ्यानं ठरवू नये.

* * *

यमुनाबाई शाळेत गेलेल्या नव्हत्या. पंतांनी लग्नानंतर त्यांना सही तेवढी शिकवली होती. पण पेन्शनचा कायदा त्यांना आम्हा सगळ्यांपेक्षा लवकर कळला. नवरा जगला पाहिजे. बस. बाकी काही नाही.

दुसऱ्या दिवसापासून पंत पुलावर येताना हातात दुधाची लोटी. वर फडकं बांधलेलं. सहा वाजता ती प्यायचीच, अशी ताकीद. मिस्त्री म्हणायचे, "काहून पंत, पैलवान व्हायचं आहे का?" पंत लाजून प्यायचे. सकाळी शिरा, तूप. पुढे काही दिवसांनी जेवणानंतर दोन वेळा एक लाल औषधही सुरू झालं, वाटीत काढून. कडू, पण ताकदीचं. पंतांना वाटलं, डॉक्टरांकडून मागवलं असेल. विचारलं नाही. आयुष्यभर दुसऱ्यांचे कागद उलटेसुलटे करून तपासणाऱ्या माणसानं स्वतःच्या घरात कधी काही तपासलं नाही.

आणि लागू पडलं हो! दमा कमी झाला, चेहऱ्यावर तेज आलं. सुभेदार म्हणाले, "पंत, रंग चढून राहिला तुमच्यावर. आता डॉक्टरकडे चला, वय कमी करून आणू." हजेरीत पंतांचा 'हयात' आमच्या तिघांपेक्षा खणखणीत येऊ लागला.

मध्यंतरी एका रात्री माझी बायको म्हणाली, "यमुनाबाईंच्या बांगड्या कोपरापर्यंत चढून राहिल्या. तुमच्या पंतांना दिसत नाही काय?"

मी म्हटलं, "वय झालं त्यांचं."

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच त्यांना बायकांच्या दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीणबाई म्हणाली, अंगात रक्तच नाही. दूध घ्या, आणि हे औषध दोनदा. यमुनाबाईंनी परत येताना टांग्यात माझ्या बायकोला शपथ घातली, यांना सांगायचं नाही, उगाच जिवाला घोर लावून घेतील. बायकोनं मलाही तीच शपथ घातली. औषध चालू आहे ना, मग झालं, असं म्हणून मी गप्प बसलो. ही माझी चूक. ती मी अजून कोणाच्या डोक्यावर टाकू शकलो नाही.

भाद्रपदात यमुनाबाईंना ताप आला. साधाच. पण अंगात काही उरलंच नव्हतं. आठव्या दिवशी यमुनाबाई गेल्या.

ग्वारीघाटाच्या स्मशानात आम्ही तिघे पंतांच्या मागे उभे होतो. मिस्त्री माझ्या कानाशी म्हणाले, "उलटं झालं ना भाऊ." पुलावरच्या आमच्या सगळ्या भांडणांत, महिना बरा की गठ्ठा बरा यात, असं होईल हे कोणीच धरलं नव्हतं.

तेरावं झालं. पंतांचं घर आवरायला मी गेलो होतो. चुलीमागच्या फळीवर रिकाम्या बाटल्या ओळीनं ठेवलेल्या. धुतलेल्या. बाटली पुढेमागे घरात कामाला येते, म्हणून जपून ठेवलेल्या. पाच होत्या. प्रत्येकीवर चिठ्ठी चिकटवलेली. पंतांनी एक उचलली. चष्मा वर केला. खूप वेळ पाहत राहिले. मग माझ्याकडे दिली.

"पार्सलबाबू, वाचा जरा."

मी वाचलं. "यमुनाबाई. दिवसातून दोन वेळा. जेवणानंतर."

"लाल होतं ना औषध?"

"हो," मी म्हटलं. पहिली बाटली माझ्या बायकोनंच भरून आणली होती.

"मला वाटलं, माझं आहे," पंत म्हणाले.

त्यांनी पाचही बाटल्या पुन्हा ओळीनं ठेवल्या.

* * *

एक तारखेला पंतांना एकट्यानं कचेरीत जाऊ द्यायला आमचं मन होईना, म्हणून मी बरोबर गेलो. खिडकीवर आता दुबे. पंतांना पाहून उठून उभा राहिला. गुरूच ते. म्हणाला, "काकीजी का सुना. बहुत बुरा हुआ." मग बसला, कागद काढला, पंतांच्या तोंडाकडे पाहिलं आणि 'हयात' असा शेरा मारला. पावती पुढे सरकवली.

पंतांनी टाक बुडवला. मी मागून पाहत होतो. हात अजिबात कापत नव्हता. सावकाश, एकेक अक्षर, पाटीवर शिकवावं तसं लिहिलं. पावती परत दिली.

दुबेनं ती जुन्या कागदाशेजारी ठेवली. एकदा पाहिली. पुन्हा पाहिली. मागे रांग वाढत होती. त्यानं मान वर केली, पंतांकडे पाहिलं, आणि त्याला येत होतं ते एकच मराठी वाक्य अगदी हळू म्हणाला.

"पंतजी, सही जुळत नाही."

मी वाकून पाहिलं. पावतीवर लिहिलं होतं: 'यमुना'.

"जुळते," पंत म्हणाले. "पास करा."